तेविसावा कोट

— नाही, नाही, हात असे ताठ नका धरू, साहेब, तुम्ही प्रशिक्षक आहात, चौकातला पुतळा नव्हे — खाली सोडा, सहज सोडा — हां, आता आरशात बघा. बघितलंत? पाठीवर एक सुरकुती नाही. खांदा कसा बसलाय बघा, जणू तुम्ही कोट घातलेला नाही, कोटानंच तुम्हाला घातलंय. फक्त तो कागद काखेत धरू नका, मुंढ्याला घडी पडते. द्या इकडे — नाही, नको, देऊच नका, मला काय करायचंय, संघाची यादी ती, पाच वाजेपर्यंत आयोजकांकडे पोचायची, तोवर कुणाच्या नजरेला पडायची नाही. एवढं मला कळतं. मी नाहीच बघितली. आरशात दिसली, एवढंच. बावीस नावं आहेत आणि तेविसाव्या आकड्यापुढे कोरं आहे. आता आरशात अक्षरं उलटी दिसतात हे खरं, पण चाळीस वर्षं कापड उलटं अंथरून सुलटं वाचत आलोय मी, माझ्या डोळ्यांना त्याचं काही विशेष वाटत नाही. — वळा. डावीकडे. अहो, माझ्या डावीकडे.

अरे — टोचलं का? माफ करा. टाचण्या नव्या आहेत, टोकं फार तीक्ष्ण.

तर काय सांगत होतो — तुमचा संघ मला तुमच्याआधी कळला, साहेब. राग मानू नका, तुम्हाला क्लबात येऊन सहा आठवडे झाले, आणि देशोदेशींच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेला जायचं म्हणून सगळ्यांना एकसारखे कोट हवेत हे ठरलं त्याला आठ. चिटणीस मापं घेऊन आले, नावं नाहीत, नुसती मापं. म्हणाले, नावं गुप्त आहेत. मला हसू आलं. अहो, छाती बेचाळीस, कंबर तीस आणि डावा खांदा उजव्याहून पाऊण इंच खाली — असा माणूस या शहरात एकच, तुमचा कप्तान; लहानपणी शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर घ्यायचा, आई ओरडायची, ऐकलं नाही. माप खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. तुमचा तो गोल करणारा, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात, तो मला म्हणाला, 'मास्तर, माझं मागचंच माप धरा.' मी धरलं नाही. टेप लावली. अडीच इंच! कमरेला अडीच इंच वाढलाय, आणि तेही श्वास आत ओढून. श्वास सोडल्यावर किती ते मी — तुम्ही काय लिहिताय? खोडलंत? अहो, खोडू नका! असं कसं, एका शिंप्याच्या बोलण्यावरून कुणी आघाडीचा खेळाडू खोडतं का! शिवाय माझी टेप जुनी आहे, ताणून ताणून लांबलीय, तिच्या मापावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही — अर्थात लांबलेल्या टेपेत माप कमी भरतं, जास्त भरत नाही, म्हणजे खरं पाहता तीन इंच — हे मी कशाला बोललो! सोडा, सोडा. कोटाचं मधलं बटण लागतंय त्याच्या, मग झालं तर. बसल्यावर लागत नाही. पण आघाडीवाल्यानं बसायचंच कशाला?

आणि बचावातली ती जोडी — त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. एक शब्द नाही. शिंप्यानं ऐकलेलं कापडात राहावं, बाहेर येऊ नये. एवढंच सांगतो की दोघांना एका दिवशी बोलवायची सोय नाही. एक आला, म्हणाला, माझ्या कॉलरची पट्टी त्याच्याहून थोडी रुंद हवी. दुसरा दुसऱ्या दिवशी आला, म्हणाला, माझी त्याच्याहून. पाव पाव इंच करत करत आता दोघांच्या पट्ट्या खांद्याला जाऊन टेकल्यात. लांबून बघाल तर दोन मोठी घुबडं उभी आहेत असं वाटतं. पण मैदानात बोलतात ना एकमेकांशी? — नाही? — मग मी काही बोललो नाही असं समजा.

आता मुद्द्याचं. तेविसावा आकडा.

तेवीस जणांत तीन गोलरक्षक हवेतच, असा स्पर्धेचा नियम आहे, बरोबर? पहिला ठरलाय, दुसरा ठरलाय, राहता राहिला तिसरा. तुमच्यापुढे दोन माणसं आहेत: एक तो नवा उंच, ज्याला खांब म्हणतात, आणि एक आमचे जावईबापू. मी सासरा म्हणून बोलत नाहीये — हनुवटी वर — मी शिंपी म्हणून बोलतोय. अकरा वर्षं हा माणूस तुमच्या क्लबात आहे. पेपरवाले लिहितात 'राखीव गोलरक्षक'. मला तो शब्द पटत नाही. शब्द नीट वापरावा माणसानं. राखीव म्हणजे गरज पडेल म्हणून ठेवलेला; हा राखीव नाही, हा तिसरा आहे, आणि तिसरा म्हणजे नियमात लिहिलंय म्हणून ठेवलेला. अकरा वर्षांत एकही सामना नाही. एक मिनिट नाही. एकदा अंगातला वरचा सदरा काढला होता, सगळं घर टीव्हीसमोर उभं राहिलं, माझी मुलगी तर रडायलाच लागली — त्याला उकडत होतं फक्त. बाकीच्यांचे कपडे माझ्याकडे येतात ते गुडघ्याला फाटून, कोपराला विरून. याच्या विजारीची बैठक तेवढी झिजते. बाकावर बसून. मी आता शिवतानाच तिथे दुहेरी अस्तर घालतो, कुणाला सांगत नाही. आणि तरी सरावाला हा रोज पहिला. सांगा, अशा माणसाला पहिल्यांदाच परदेशातली स्पर्धा आलीय तर घरी ठेवायचं?

खांब चांगला आहे, मी नाही कुठं म्हणतो. सहा फूट पाच. पण त्याच्यासाठी कापड उरलं नाही हो. चिटणिसांनी दोघांची मापं दिली होती, म्हणाले, दोन्ही कोट करून ठेवा, एकाला नेऊ नको म्हणून सांगू — ही काय रीत झाली? एखाद्याचा कोट पूर्ण शिवायचा, काजं करायची, बटणं लावायची, आणि मग त्याला सांगायचं की नेऊ नकोस? मी काही तसा निर्दय नाही. म्हणून मी खांबाचा बेतलाच नाही. म्हणजे — बेतता आलाच नाही. कापड संपलं. या निळ्या छटेचं कापड आता कुठे मिळायचं नाही, गिरणीनं ते बंद केलंय. तेव्हा प्रश्न आपोआप सुटतो: ज्याला कोट आहे तो जाणार, ज्याला नाही तो — काय? टेबलाखाली? ते निळं? ते अस्तर आहे. बरं, अस्तर नाही. पण तुम्ही वाकून बघायची काय गरज होती, साहेब, पाठीची शिवण उसवेल! असू द्या, चार मीटर आहे. पण चार मीटरमध्ये खांब मावत नाही. — मावतो? तुमचे वडील शिंपी होते? हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. हे काही बरं नाही केलंत.

बरं, मग शिंप्याच्या मुलाला म्हणून एक गोष्ट दाखवतो. हा बघा, तेविसावा. टांगलेला. हात लावा. तुमच्या वडिलांनी असा मुंढा बेतला होता का कधी? आणि उजवी बाही मनगटाशी बघा, पाऊण इंच सैल — सैल नव्हे, सैल म्हणजे चुकून झालेलं. ऐसपैस म्हणा, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं — आत पट्टी बांधलेली असली तरी बाहेरून कुणाला कळायचं नाही. हीच तर कारागिरी!

— कसली पट्टी? पट्टी म्हणजे — घड्याळाची. घड्याळाची पट्टी. मोठं घड्याळ आहे त्याचं. उजव्या हातात घालतो, हो, काही लोक घालतात. — साहेब, असं बघू नका. बरं. मनगट थोडं भरून आलंय. थोडंच. पण मैदानावर नाही, शपथेवर सांगतो, क्लबाच्या वेळात एक ओरखडा उठलेला नाही त्याच्या अंगावर, चेंडूनं काही केलेलं नाही, कात्रीनं झालंय. कापलं नाही हो! चालवून चालवून. हे जाड लोकरीचं कापड, चार चार थर एकावर एक, आणि तेवीस कोट, वर तुमचा चोविसावा — कुणाचंही मनगट भरून येईल —

काय म्हणालो मी?

नाही, ते असं. कात्री तो धरत होता फक्त. कापत मीच होतो. म्हणजे कात्री त्यानं धरायची, उघडझाप करायची, आणि मी कापड पुढे — हे तुम्हाला पटत नाहीये. शिंप्याच्या मुलाला पटणारही नाही. अरे, पुन्हा टोचलं? माफ करा, माफ करा. दुसऱ्यांदा झालं ना? हाताकडे बघू नका. गारठा आहे आज. — पंखा? हो, पंखा मीच लावलाय.

खिडकी लोटून घेतो जरा. तो बटणं आणायला गेलाय, कोपऱ्यावरच, यायला अर्धा तास तरी लागेल — बटणवाल्याकडे गेला की गप्पा मारतो. तेवढ्यात सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात भलतं नको. दोन वर्षं झाली, साहेब, माझा हात थरथर कापतो. आधी सुईच्या टोकाशी कापायचा, मग खडू हलायला लागला, रेघ ओढली की नदीसारखी वळणं घ्यायची. एका दुपारी कात्री हातातून सुटली — ती मोठी, वडिलांची, तीन किलोची — खाली माझा पाय, आणि हा तिथे विजारीला इस्त्री करत उभा. कुठून आला कळलं नाही. आडवा झेपावला. जमिनीपासून वीतभर अंतरावर कात्री झेलली यानं, मुठीत, पाती बाहेरच्या बाजूला. अकरा वर्षांत पहिला बचाव! आणि बघायला मी एकटा. टाळ्याही वाजवल्या नाहीत. मी म्हणालो, 'इस्त्री करपतेय तिकडे.'

त्या दिवसापासून कात्री त्याच्याकडे. मी म्हटलं होतं, दोन दिवस. त्यानं बेतायला घेतलं आणि — खोटं कशाला बोलू, तुम्ही मघाशी आरशात खांदा बघून 'वा' म्हणालात ना, आणि मी मान तुकवली — तो खांदा त्याचा आहे. पाठ त्याची, मुंढा त्याचा. माझ्या फक्त टाचण्या, आणि त्या तुम्हाला टोचल्या. मी त्याला अकरा वर्षं बाकावर बसलेला बघून मनातल्या मनात हसलो, घरात थट्टा केली, 'आमच्या जावयांनी आज बसण्यात काय पराक्रम केला?' अशी, आणि तोही हसायचा. आणि आता गिऱ्हाईक दारात आलं की माझ्या खांद्यावरून आत बघून विचारतं, 'ते आहेत का?' ते! माझ्या दुकानात! मुलगी काजं करते, तो बेततो, म्हणजे मी कितवा झालो, सांगा तुम्हीच. खिडकीपाशी खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी, उशी घालून. मी उठलो की म्हणतो, 'तुम्ही बसा, बाबा.' इतक्या मायेनं म्हणतो की रागावताही येत नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं.

म्हणून हा सगळा खटाटोप. यादीत नाव आलं की तीन आठवडे तो परदेशात. तीन आठवडे दुकानात मी एकटा. एक कोट बेतायचा, एकच, स्वतःच्या हातानं, दहा दिवस लागले तरी चालतील, आणि तो परत आला की त्याच्यापुढे टाकायचा, बस. आणि नाव नाही आलं तर? छत्तीस वर्षांचा आहे, यंदा नाही गेला तर खेळ सोडेल, आणि मग सकाळ-संध्याकाळ इथेच. मग ती खुर्ची कायमची माझी. आता कळलं? मी त्याच्यासाठी रदबदली करत नाहीये, साहेब, स्वतःसाठी करतोय. आता हवं तर नाव घालू नका. खांबाला घ्या. कापड आहे टेबलाखाली.

— काय?

कधी? काल? तुमच्या खोलीवर? तो? स्वतःहून? मला तर म्हणाला, सरावाला उशीर झाला. — आणि काय मागितलं? — नाव घाला म्हणून ना? — नको म्हणाला? माझं नाव घालू नका, असं? स्वतःच्या तोंडानं? मनगटाचं कारण दिलं असेल. नाही? मग? — पुन्हा सांगा. हळू सांगा, माझं कानाचं यंत्र थोडं — यंत्र नाहीये, पण हळू सांगा.

'बाबांना तीन आठवडे कात्रीजवळ एकटं सोडवत नाही.'

असं म्हणाला. बाबांना, म्हणाला. सासऱ्यांना नाही. आणि हे मला सांगू नका, असंही म्हणाला असेल. म्हणालाच असेल. आणि तुम्ही सांगितलंत.

.  .  .

पाणी घेता? मी घेतो.

अकरा वर्षं, साहेब. अकरा वर्षं वाट बघून पहिल्यांदा दार किलकिलं झालं आणि हा ते माझ्यासाठी लोटून आला, आणि आल्यावर मला विचारतो काय, 'बटणं दोन भोकांची आणू की चार?' मी म्हटलं, 'चार. एवढंही कळत नाही?'

काढा कागद. काढा, काढा, पेन माझं घ्या, ते खडूशेजारी आहे. लिहा तेवीसपुढे. — त्याला विचारायला हवं? अहो, अकरा वर्षं त्याला कुणी काही विचारलं नाही, आजच कुठून शिष्टाचार आठवला? विचाराल तर तो नाहीच म्हणणार. मनगटाचं म्हणाल तर अजून दोन आठवडे आहेत, कात्रीला हात लावला नाही तर आठवड्यात उतरेल. आणि कात्री मी आजच कपाटात टाकून किल्ली मुलीकडे देतो. हो, माझ्यासकट दोघांनाही मनाई. दुकान बंद ठेवीन तीन आठवडे. पाटी लावीन, 'मालक सामने बघत आहेत.' मुलगी इथेच असते, वर राहते, ती माझ्यावर पहारा ठेवील. तिचा बाप आहे मी, आणि ती माझ्याहून खडूस आहे. त्याला तुम्ही मैदानात नाही उतरवलंत तरी मी तुमच्याशी भांडणार नाही. — भांडेन. पत्र लिहीन. पण ते नंतर. चुकून पहिल्याला सर्दी झाली, दुसऱ्याचा पाय मुरगळला, तर विचार करू नका, सरळ याला उतरवा. तीन किलोची कात्री झेललीय यानं. चेंडूचं वजन ते काय?

लिहिलंत? दाखवा. आरशात नको, समोरून दाखवा. — हो. बरोबर आहे. नावातलं पहिलं अक्षर जरा मोठं काढा, आहे तसंच चांगलं आहे, पण मोठं काढा. हां.

अरे देवा, तो आला. गल्लीच्या तोंडाशी आहे, हातात बटणांचा पुडा. उतरा, उतरा स्टुलावरून, मागच्या दारानं निघा, त्यानं तुम्हाला माझ्याजवळ बघता कामा नये, माझा चेहरा बघून त्याला लगेच कळेल, आणि कळलं की तो तुमच्यामागे धावत येईल नाव खोडायला, आणि पळण्यात तो तुम्हाला ऐकायचा नाही. कोट? राहू द्या अंगात, तसाच घालून जा. एक बाही कच्च्या टाक्यावर आहे, त्या हातानं कुणाशी हस्तांदोलन करू नका. आभार नको, काही नको, दार ओढून घ्या — जा म्हणतो ना! — आणि साहेब! पाठीला अजून अकरा टाचण्या आहेत. पाच वाजेपर्यंत कुठेही बसू नका.